येडशीच्या उतारावरचा गेर

हिंमतरावांची अँबॅसिडर पाण्यानं मेली. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा तो दुष्काळ. कळंब तालुक्यात माणसं आणि गुरं घोटभर पाण्यासाठी वणवण करत होती, आणि ही गाडी पाणी पिऊन मेली. त्यांच्या ड्रायव्हरनं रेडिएटरमध्ये कुठल्याशा बोअरचं खारट, गढूळ पाणी ओतलं, एकदा नाही, सगळा उन्हाळाभर. आत गाळ बसला, पाण्याच्या वाटा बुजल्या, आणि येरमाळ्याकडून येताना इंजिन तापून जागीच आवळलं. ते आवळेपर्यंत, धूर निघाला तरी, ड्रायव्हर महाराज गाडी रेटतच होते. शेवटी ट्रॅक्टरला बांधून गाडी पिराजी मिस्त्रीच्या लिंबाखाली आणून सोडली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

हिंमतराव म्हणजे आमच्या मोंढ्यातले आडतदार. ढोकीच्या रस्त्याला त्यांचा मोठा ऊस होता. ऊस वाळून गेला तरी मानेचा ताठा गेला नव्हता. पिराजी म्हणजे मोटारींचा मिस्त्री. आणि मी बब्रुवान, त्या लिंबाच्या शेजारी माझं सायकलचं दुकान. पंक्चर काढणाऱ्यानं मोटारीच्या गोष्टी सांगू नयेत असं कुणाला वाटत असेल तर त्यानं पुढं वाचू नये. माझा स्वभाव आधीच तुसडा आहे, आणि ही गोष्ट सांगताना तो आणखी बिघडतो.

पिराजी मूळचा लोहाऱ्याकडचा, माकणीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. छप्पन साली बापाबरोबर त्यानं दीक्षा घेतली आणि बापलेकांनी गावकीची कामं त्याच दिवशी सोडली. गावाला ते रुचलं नाही, तेव्हा पिराजीनं गावच सोडलं. लातूरला एका मुसलमान उस्तादाकडं आधी नुसते पार्ट धुतले, मग पाना हातात घेतला. बाहत्तरच्या दुष्काळात बायको चांगुणा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि हा त्याच कामावर रोड-रोलर चालता ठेवत होता. तिथून उठून दोघं कळंबला आली. रस्त्याच्या कडेला लिंबाचं झाड, तीन वासे वर एकत्र बांधून त्यांच्यात टांगलेली चेन-कप्पी, आणि पत्र्याची एक पेटी. याला तो गॅरेज म्हणायचा, आणि बोर्ड नसला तरी सगळा तालुका तिथंच यायचा.

जुनं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणं ही त्याची खासियत. भंगारातून आलेलं इंजिन तो खोलायचा, धुवायचा, आणि परक्या गाडीत असं नांदवायचा की मालकालाही विसर पडावा. पण ते कुठल्या गाडीचं, कुणाचं, हे कधी विचारायचा नाही. गिऱ्हाइकानंच सांगायला तोंड उघडलं तर म्हणायचा, “मालक, म्होतूर लावून आणलेल्या बाईला मागचं घर इचारायचं न्हाय. लोखंडाला बी न्हाय.” गाडी तयार झाली की मालक लोक नारळ, लिंबू, हळद-कुंकू घेऊन यायचे. पिराजी तेवढा वेळ बाजूला जाऊन हात धूत बसायचा. “नारळ तुमचा तुमी फोडा. आमच्यात न्हाय ते,” इतकंच. त्यावरून कुणी टोमणा मारला तरी उलट बोलायचा नाही.

आता थोडं उताराविषयी सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. गाडी गेरात असली की उतारावर इंजिन तिला धरून ठेवतं. गेर काढून घेतला की गाडी मोकळी सुटते, आपल्या वजनानं पळते, पेट्रोल जळत नाही. पण मग सगळी भिस्त ब्रेकवर. चौऱ्याहत्तरच्या सुमाराला पेट्रोल भडकलं आणि आमच्याकडचा झाडून सगळा ड्रायव्हर उतार दिसला की गाडी मोकळी सोडायला लागला. त्यांना हे शिकवणाऱ्यांत पिराजी पहिला. “उताराला इंजिनाला इसावा द्यावा,” असं तो मोठ्या ऐटीत सांगायचा. येडशीच्या उतारावर गाडी मोकळी सोडली की कुठपर्यंत आपोआप जाते, याच्या पैजा लागायच्या. आता कुणी म्हणेल, हा मूर्खपणा. होताच. पण तो सगळ्यांनी मिळून केलेला होता, आणि असा मूर्खपणा शहाणपणासारखाच दिसतो.

पिराजीला एकच मुलगा, मच्छिंद्र. बापासारखा काळासावळा, आईसारखा कमी बोलणारा. तालुक्यातल्या एका सहकारी तेलगिरणीत तो ड्रायव्हर म्हणून लागला. संस्थेचं नाव घेत नाही. निम्मी दुष्काळात गेली, निम्मी संचालकांच्या पोटात, आता मेलेल्याला काय मारायचं. गिरणीला एक पांढरी अँबॅसिडर होती आणि ती मच्छिंद्रच्या हातात होती. पांढरा शर्ट घालून तो गाडी लिंबाखाली दुरुस्तीला आणायचा तेव्हा पिराजी उगाचच त्याच्यावर खेकसायचा, म्हणजे लोकांना कळावं की हा आपला पोरगा. पहिल्यांदा शेजारी बसून येडशीचा उतार त्यानंच मच्छिंद्रला उतरवून दाखवला होता, गाडी मोकळी सोडून. मागच्या सीटवर मी होतो. पिराजी हसत होता, आणि पोरगं स्टिअरिंग घट्ट धरून गप्प बसलं होतं.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात मच्छिंद्र गिरणीच्या साहेबाला सोलापूरच्या स्टेशनावर सोडून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. येडशीच्या उतारावर, वळणाला, गाडी कठडा तोडून खाली गेली. गाडीत तो एकटाच होता. सोयरीक ठरत आली होती त्याची.

गिरणीनं चौकशी केली. चौकशी म्हणजे काय, साहेबांनीच प्रश्न विचारले आणि साहेबांनीच उत्तरं दिली. निकाल असा निघाला की पेट्रोल वाचवून बाहेर विकण्यासाठी ड्रायव्हरनं गाडी उतारावर मोकळी सोडली, म्हणून ती त्याच्या ताब्यात राहिली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. मेलेला माणूस बोलत नाही, आणि तो जयभीमवाल्यांच्या वस्तीतला असला की त्याच्या वतीनं बोलायलाही कुणी उभा राहत नाही. महिन्याभरात कळंबात मच्छिंद्रचं नाव ‘पेट्रोलचोर’ झालं.

चांगुणावैनी एकच गोष्ट सांगत राहिल्या. बेरेक नीट लागत नाहीत असं मच्छिंद्र साहेबाला सांगून थकला होता. आणि गाडी तो मोकळी सोडत नव्हता. त्यानं आईला सांगितलं होतं, “बा मनत्यात मोकळी सोड, पर मला भ्या वाटतं. म्या गेरातच उतरवतो. बाला सांगू नगंस, राग येईल त्यांला.”

पिराजीला हे पटलं नाही. मेलेल्या लेकराची बाजू आई घेणारच, असं त्याला वाटलं. चांगुणावैनी माझ्यादेखत त्याला म्हणाल्या होत्या, “तुमी मिस्त्री हाव. गाडी ठाण्याच्या आवारात पडलीया. जाऊन बगा तरी, कुटल्या गेरात हाय ती.”

“पोलिसाच्या ताब्यातल्या गाडीला हात लावता येत न्हाय,” पिराजी म्हणाला.

ही पळवाट होती. ठाण्यातल्या हवालदाराची सायकल माझ्याकडंच यायची; एक कप चहा पाजला असता तर त्यानं गाडीच काय, ठाणंसुद्धा खोलून दाखवलं असतं. मी तसं बोललोही. पिराजी उठून दुसऱ्या कामाला लागला. त्याला भीती होती की गेर मोकळा निघेल. मोकळी सोडायला शिकवलं कुणी, तर त्यानं. न बघता राहिलं तर निदान नक्की काही कळणार नव्हतं. पुढं ती गाडी लिलावात भंगारवाल्यानं नेली, आणि पिराजीनं मच्छिंद्रचं नाव घेणं सोडलं. कुणी घेतलं तर उठून जायचा. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली पोराचा एक फोटो होता, तो चांगुणावैनी पुसायच्या. हा त्या भिंतीकडं पाठ करून जेवायचा, असं त्यांनीच एकदा माझ्या बायकोला सांगितलं. नवराबायको एका घरात राहत होती खरी, पण कामापुरतंच बोलत होती.

तर अशा घरात हिंमतरावांच्या गाडीचं काम आलं.

हिंमतरावांचं इंजिन कामातून गेलं होतंच, शिवाय त्यांच्या गेरबॉक्सचाही दुसरा गेर टिकत नव्हता. टाकला की आपोआप उडून बाहेर यायचा. म्हणून इंजिन आणि गेरबॉक्स अशी जोडीच बसवायची ठरली. हिंमतरावांचा माणूस सोलापूरच्या जुन्या बाजारात गेला आणि टेंपोतून एक जोडी घेऊन आला. गंजलेली, तेलकट, वर मातीचा थर. चेन-कप्पीनं ती खाली उतरवून आम्ही फळ्यांवर ठेवली. हिंमतराव स्वतः बघायला आले.

“कसं काय मिस्त्री, जीव हाय का हिच्यात?”

“बगावं लागंल, मालक. खोलल्याबिगर सांगत न्हाय.”

“पाडव्याला गाडी दारात पायजे. पाव्हणे येणार हायत,” असं म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका सायकलचं चाक सरळ करत बसलो होतो. पिराजीनं गेरबॉक्स इंजिनापासून सुटा केला होता आणि रॉकेलच्या फडक्यानं त्याच्यावरची माती काढत होता. फडक्याचा आवाज थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना म्हणून मी वर पाहिलं. पिराजी उकिडवा बसला होता, बोट गेरबॉक्सच्या झाकणावर ठेवलेलं, आणि हलत नव्हता.

मी जाऊन पाहिलं. झाकणाचे सगळे बोल्ट सहा बाजूंच्या डोक्याचे, मोटारीला असतात तसे. एकच तेवढा चौकोनी डोक्याचा, मोठा, ओबडधोबड. तो नांगराचा बोल्ट होता.

मला तो आठवत होता. गिरणीची गाडी एकदा झाकणाचा बोल्ट गाळून आली होती. जोडीचा बोल्ट कळंबात मिळेना. मच्छिंद्रनं कुठूनतरी मोडक्या नांगराचा बोल्ट शोधून आणला, पिराजीनं भोकाला नवे आटे पाडून तो बसवला, आणि पोरगं हसत म्हणालं होतं, “आता गाडी नांगराला बी चालंल, बा.” त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो होतो.

“त्याचीच हाय,” पिराजी म्हणाला. नाव त्यानं तेव्हाही घेतलं नाही.

शेवटी मी म्हणालो, “आता तरी बघ. कुठल्या गेरात आहे ते.”

“इतक्या वर्सात कुणी बी हलवला असंल गेर.”

मिस्त्री तो होता, पण तेव्हा खोटं बोलत होता, आणि खोटं त्याला जमत नव्हतं. गाडी खाली कोसळली तेव्हाच गेरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा तुटून पडला होता. मयत आणायला आम्ही गेलो तेव्हा तो मी झुडपात पडलेला पाहिला होता, त्यानंही पाहिला होता. चाकांशी संबंधच तुटलेला, तेव्हा गाडी ओढून नेताना गेर काढायची कुणाला गरजच नव्हती. आणि कुणी काढतो म्हटलं असतं तरी स्टिअरिंगखालचा गेरचा दांडा पिरगाळून मोडलेला. गेरबॉक्सच्या कुशीला एक लोखंडी कान असतो, तो हलला की गेर बदलतो. त्या कानाच्या बुडाला गंजाचा पापुद्रा जसाच्या तसा, न तडकलेला दिसत होता. मच्छिंद्रच्या हातानंतर त्याला कुणाचा हात लागलाच नव्हता.

हे सगळं पिराजीला माझ्याआधी दिसलं होतं. तो उठला. हात धुतले. पाने पुसून पेटीत लावले. पेटी बंद केली, पुन्हा उघडली. ते बघून माझं डोकं फिरलं.

“अरे फिरव की एकदा! कशाची वाट बघतोस?”

तेव्हा तो माझ्याकडं वळला. “बब्रुवानदादा, मोकळा निगाला तर म्या मारलं त्याला. माज्या शिकवणीनं मेला तो.”

“आणि गेरात निघाला तर?”

“तर इतकी वर्सं म्या माज्या लेकराला चोर समजत आलोय.”

दोन्हीकडून तो एकटाच सापडत होता. वारा सुटला होता, रस्त्यावरची धूळ लिंबात भरत होती. पलीकडं टँकरची वाट बघत बायकांच्या घागरींची रांग लागली होती, चांगुणावैनीही त्याच रांगेत होत्या. पिराजीनं त्या रांगेकडं एकदा पाहिलं आणि खाली बसला.

त्यानं जुनी क्लच प्लेट घेतली आणि गेरबॉक्सच्या पुढच्या दांड्यावर बसवली. अशी बसवली की ती चाकासारखी दोन हातांनी धरून दांडा फिरवता येतो. मागच्या टोकाला त्यानं खडूनं एक रेघ मारली. पुढचा दांडा फिरवल्यावर मागचं टोक जागेवरच राहिलं तर गेर मोकळा. मागचंही फिरलं तर गेर पडलेला. इतकं साधं होतं ते. त्यासाठी इतकी वर्षं गेली होती.

“तुमी मागं बगा,” तो म्हणाला. “मला दिसंना झालंय.”

मी मागं जाऊन बसलो. त्यानं प्लेट फिरवायला जोर लावला. आतलं तेल गोंदासारखं झालेलं, दांडा हलेना. मग करकरत हलला. मी रेघेवर नजर लावून होतो. रेघ जागेवरच होती. त्यानं आणखी जोर लावला. रेघ हलली. हळूच वर आली, बाजूला झुकली, खाली गेली.

“फिरतंय!” मी ओरडलो. “पिराजी, मागचं फिरतंय!”

“किती?”

तो पुढं फिरवत राहिला, मी मागं बघत राहिलो. पुढं दोन फेरे आणि वर थोडं झालं तेव्हा मागची रेघ एक फेरा घेऊन जागेवर आली.

“दुसरा,” पुढच्या-मागच्या फेऱ्यांचा हिशोब घालून पिराजी म्हणाला. “दुसऱ्या गेरात हाय.”

अर्थ मलाही कळला. मोटारीतलं मला फार कळत नाही, पण ब्रेक गेल्यावर उतारावर ड्रायव्हरच्या हातात एकच गोष्ट उरते. गेर खाली आणायचा आणि इंजिनाच्या जोरावर गाडी आवळून धरायची. मच्छिंद्रनं तेच केलं होतं. गाडी अंगावर येत असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढली होती. पुढं पहिल्यात टाकायला रस्ता उरला नव्हता.

पिराजी रडला. क्लच प्लेट दोन्ही हातांनी धरून, तिच्यावर कपाळ टेकवून, मोठ्यानं रडला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, त्यांना मी शिव्या देऊन हाकललं. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. हा गेरबॉक्स उचलून गिरणीच्या साहेबाच्या टेबलावर आपटावा असं वाटत होतं. पण गिरणीला टाळं लागून दोन पावसाळे झाले होते, दोन्ही कोरडे. आत शेळ्या बसत होत्या. साहेब बदलून कुठं गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी नांगराचा बोल्ट दाखवून आम्ही त्याला काय पटवून देणार होतो! ज्याला पटायला पाहिजे होतं तो इथंच माझ्यासमोर बसला होता.

“चांगुणाला बोलवा,” पिराजी म्हणाला.

मी रांगेतून वैनींना बोलावून आणलं. टँकर तेवढ्यात आला होता, त्यांची घागर अर्धीच भरली होती. ती तशीच कडेवर घेऊन त्या आल्या. पिराजीला बसलेला पाहून त्यांनी घागर खाली ठेवली.

“काय झालं?”

“त्याच्या गाडीचं हाय हे,” पिराजी म्हणाला. “मच्छिंद्रच्या.” नाव त्यानं घेतलं. “दुसऱ्या गेरात हाय, चांगुणा. मोकळी सोडली नव्हती त्यानं.”

मला वाटलं, आता या बाई हंबरडा फोडतील. त्या रडल्या नाहीत. गेरबॉक्सकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मला ठावं व्हतं. म्या सांगितलं तवा खरं वाटलं न्हाय तुमाला. लोखंडानं सांगाया लागलं.”

पिराजीनं मान खाली घातली.

मीच मधे तोंड घातलं. म्हणालो, “पिराजी, हा गेरबॉक्स देऊ नको. खराब निघाला म्हणून हिंमतरावांना सांग. दुसरा आणतील. हा घरी घेऊन जा, असाच ठेव.”

माझ्या मते त्यात काही चूक नव्हती. त्या पोराच्या हाताचं या जगात एवढंच शिल्लक होतं. बसवायचा म्हणजे तो गेर काढावा लागणार, आणि मग तो दुसऱ्या कुठल्याही गेरबॉक्ससारखा एक गेरबॉक्स होणार. पिराजी बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत तिच्यावर सोपवलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

चांगुणावैनी खाली बसल्या. “हे चांगलं हाय का अजून? चालंल का?”

“चालंल. दातं शाबूत हायत.”

“मग खराब हाय मनून कामून सांगायचं? त्याच्यावर एक खोटं झालं तेवढं पुरे.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “गेर कुटनं निगतो?”

पिराजीनं तो लोखंडी कान दाखवला. वैनींनी पदराला हात पुसले आणि कानावर हात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी उगाच लिंबाच्या शेंड्याकडं बघत उभा होतो. मग त्यांनी दाबून पाहिलं; गंजानं धरलेला कान हलेना. पिराजीनं त्याच्या बुडाला रॉकेल सोडलं, थोडं मुरू दिलं, आणि वैनींच्या हातावर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून जोर लावला. आतून ‘खट’ असा आवाज झाला.

पिराजीनं पुढचा दांडा फिरवून पाहिला. मागची खडूची रेघ जागेवरच राहिली.

वैनी उठल्या, घागर कडेवर घेतली, आणि दोन पावलं गेल्यावर थांबून म्हणाल्या, “तुमी तवाच गेला असता तर मला एकटीला रडाया लागलं नसतं.” एवढं बोलून त्या घराकडं गेल्या. पिराजी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत बसला, आणि मी माझ्या दुकानात येऊन बसलो. त्या दिवशी मी पुढं कुठलंच काम केलं नाही.

जोडी बसली. पिराजीनं त्या कामात कसूर ठेवली नाही; नवी क्लच प्लेट घातली, पाण्याच्या वाटा तारेनं साफ केल्या, रेडिएटर लोहाराकडून डाग देऊन आणला. गेरबॉक्सचं झाकण मात्र पुन्हा त्या नांगराच्या बोल्टसकटच लावलं. मोटारीचा नीट बोल्ट पेटीत पडलेला मी पाहिला होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी हिंमतराव गाडी न्यायला आले. नारळ फोडला, बॉनेटला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पिराजी नेहमीसारखा बाजूला जाऊन हात धूत बसला. चांगुणावैनी त्या दिवशी लिंबाखाली येऊन उभ्या होत्या. कशाला आलात म्हणून कुणी विचारलं नाही. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. एका झटक्यात लागली. आवाज गोल आणि सलग होता. हिंमतराव खूष झाले.

“लई झकास, मिस्त्री! मेलेली गाडी उठवली की तुमी.”

पिराजी हात पुसत ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. “एक सांगायचं व्हतं. येडशीचा उतार गेरातच उतरायचा. गाडी मोकळी सोडायची न्हाय.”

ड्रायव्हर गोंधळला. हिंमतराव मागच्या सीटवरून हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं; त्यांना काहीच माहीत नव्हतं. म्हणाले, “हे बरंय! आवो, सगळ्या तालुक्याला मोकळी सोडायला शिकवलं कुणी? तुमीच ना?”

“व्हय, मालक. म्याच,” पिराजी म्हणाला. “सगळ्यांनी ऐकलं. एकट्या मच्छिंद्रनं ऐकलं न्हाय.”

मच्छिंद्र कोण ते हिंमतरावांना आठवलं नसावं, किंवा आठवलं तरी पाहुण्यांची घाई होती. त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला आणि गाडी निघाली. वळणावर ड्रायव्हरनं पहिल्यातून दुसरा गेर टाकला तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला. आम्ही तिघांनीही तो ऐकला. मग गाडी येरमाळ्याच्या रस्त्याला लागली, आणि चांगुणावैनी घागर घेऊन रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.